लिफाफ्यावरचं पाच पैशांचं तिकीट, आणि दुसऱ्याच्या देशातलं युद्ध

वर्धाकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

संक्रांतीच्या आधी घर झाडताना आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. सातबारे, सोसायटीच्या पावत्या, जिनिंगच्या चिठ्ठ्या आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. त्यातला एक लिफाफा वरुडहून आलेला, आजोबांच्या थोरल्या भावाचा. शिक्का जानेवारी १९७२ चा. नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक छोटं तिकीट होतं: कुटुंब नियोजनाचं, पाच पैशांचं, आणि त्यावर वरून छापलेलं, ‘शरणार्थी सहायता’.

नोव्हेंबर १९७१ पासून सुमारे दीड वर्ष सरकारने टपालावर हे पाच पैसे जास्तीचे लावले होते. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. त्यानंतर जवळजवळ एक कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली. त्यांच्या भाकरीसाठी वरुडच्या संत्रा बागायतदाराने आर्वी तालुक्यातल्या भावाला पत्र पाठवताना पाच पैसे मोजले. ते वर्ष आमच्याकडे काही सुगीचं नव्हतं. विहिरी आटत चालल्या होत्या, पुढचा दुष्काळ तर सगळ्यांना माहीत आहे.

तिकीट हातात घेऊन मी बराच वेळ बसले. त्या वेळी बाकी जग काय करत होतं ते मग वाचलं. ढाक्यातले अमेरिकेचे वाणिज्य दूत आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारला तार पाठवून सांगितलं होतं की इथे लोकशाही चिरडली जात आहे आणि आपण गप्प आहोत. त्यांना तिथून हलवलं गेलं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या असा ठराव झाला. बाजूने १०४, विरोधात फक्त ११. नऊ महिने माणसं मारली जात होती तेव्हा हा आकडा कुठे जमला नाही. युद्ध संपल्यावर बांगलादेशाने १९५ पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचं ठरवलं होतं. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि ते सगळे घरी गेले. एकावरही खटला चालला नाही.

आज हे लिहायचं कारण यादवी युद्धात होरपळणाऱ्या सुदानमधलं अल-फाशेर हे शहर. सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये ठराव केला की शहराचा वेढा उठवा. वेढा उठला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं, आणि प्रसूतिगृहातसुद्धा माणसं मारली गेली. माझा भाऊ म्हणाला, आपल्याला त्याचं काय. जेवता जेवता आमचं चांगलंच वाजलं.

मी साधी शिक्षिका आहे, कायद्यातली नाही. पण १९४९ च्या जिनिव्हा करारांचं पहिलंच कलम वाचलं तर त्यात दोन गोष्टी आहेत: आम्ही हे नियम पाळू, आणि इतरांनी पाळावेत हेही बघू. भारताने १९५० मध्ये हे करार मान्य केले. म्हणजे ‘आपल्याला त्याचं काय’ या प्रश्नाचं उत्तर आपण ७५ वर्षांपूर्वीच सही करून दिलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दयेचं काम नाही, हे देणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक विनंती. लिफाफ्यातलं पत्र मोडी लिपीत आहे. कुणाला वाचता येत असेल तर फोटो पाठवते.

धानपट्टा (सोमवार, रात्री ९.५५)

ताई, आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बंगाली निर्वासितांची गावंच आहेत: अरुणनगर, गौरनगर, संजयनगर. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे तर कितीतरी. प्रतापगड-गोठणगाव भागात तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. म्हणजे जगातली दोन मोठी दुखणी आमच्या एका तालुक्यात नांदतात आणि आम्हाला त्याचं नवल वाटत नाही.

आमच्या बांधीत रोवणीला एक बंगाली आजी यायच्या. मूळच्या खुलनाकडच्या. झाडीबोली आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायच्या. गाव कसं सोडलं हे विचारलं की म्हणायच्या, ‘रातीच निघालो.’ त्यापुढे एक शब्द नाही. माझी आई त्यांना कधी पुढचं विचारू द्यायची नाही.

जबाबदारी म्हणताना माणसं सामावून घेणं हेही त्यात धरा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. कुणाला जमीन मिळाली, कुणाला वर्षानुवर्षं कागद मिळाले नाहीत. यातले बरेच लोक नमशूद्र. बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. आजींच्या नातवाला त्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली नाही. सीमेवर वाचवलं खरं, पण वाचवण्याचं काम तिथेच संपत नाही.

बंडीवाला (सोमवार, रात्री १०.२०)

मॅडम, तुमचं मन मोठं हाय, मी नाई म्हनत नाई. पन मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला मानूस. आमच्या गावात तीन घरात कर्त्या मानसानं जीव देल्ला. बोंडअयी आली, भाव पडला, सावकार दारात. आमच्यासाठी कोनत्या परिषदेनं ठराव केला? आधी घरची आग इझवा, मंग सुदानकडे पहा.

आन दुसरी गोष्ट. हे बाहेरचे लोक मदतीले येतो म्हनतात आन देश मोडून जातात. २०११ मदी लिबियात तेच झालं. लोकायले वाचवतो म्हनून इमानं पाठवले, आन मागे काय ठेवलं? कितीक वर्सं लढाई. इराकचं तर बोलाचंच काम नाई. मोठ्या देशायच्या हातात असा दांडा देनं मले बरं वाटत नाई.

जुनं महाल (सोमवार, रात्री १०.४१)

जपानने चीनवर हल्ला केला होता तेव्हा, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. कोटणीस सगळ्यांना माहीत. पण त्या पाचांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. देश स्वतः गुलाम, तिजोरी रिकामी, तरी लोकांनी वर्गणी काढली. घरची आग विझल्यावर बाहेर बघायचं असं तेव्हाच्या माणसांनी ठरवलं असतं तर ते पथक कधीच गेलं नसतं.

बाररूम (मंगळवार, सकाळी ७.३०)

अमरावतीला वकिली करतो. बंडीवाला दादांची लिबियाची शंका खरी आहे आणि तिला टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो.

पहिली, ताईंनी सांगितलेला जिनिव्हा करार. दुसरी, १९४८ चा वंशसंहारविरोधी करार. भारताने तो १९५९ मध्ये मान्य केला. त्यात वंशसंहार ‘रोखणं’ हे प्रत्येक सदस्य देशाचं कर्तव्य आहे. रोखायचं म्हणजे किती, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात सांगितलं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात तिथल्या सर्ब फौजेने आठ हजारांवर बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या जागी, डच सैनिकांच्या डोळ्यांसमोरून त्यांना नेलं. न्यायालय म्हणालं, सर्बिया सरकारने स्वतः तो संहार केला असं सिद्ध होत नाही, पण रोखण्याचं कर्तव्य त्याने मोडलं. यश येईलच अशी हमी कुणाकडून मागता येत नाही. पण ज्याचा जितका प्रभाव, त्याने तितका तो वापरलाच पाहिजे, आणि धोका आहे हे कळल्या क्षणापासून. मारेकऱ्यांना तुमच्याकडून पैसा, डिझेल, शस्त्रं जात असतील तर तुमचं कर्तव्य सगळ्यात मोठं.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडेही बांध कोरणाऱ्याला पाहणारे पन्नास असतात, पण ज्याच्या शब्दाला तो मान देतो त्याने गप्प बसणं आणि वाटसरूने गप्प बसणं यात गाव फरक करतंच.

तिसरी गोष्ट ‘संरक्षणाची जबाबदारी’. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केलेली. प्रत्येक देशाच्या सरकारने आपली माणसं वाचवायची, जगाने त्याला हातभार लावायचा, आणि ते सरकार साफ उणं पडलं तर सुरक्षा परिषदेमार्फत पाऊल उचलायचं. लष्कर हा त्यातला अगदी शेवटचा उपाय आहे. लिबियात तो पहिल्यासारखा वापरला गेला आणि नागरिकांच्या बचावाची मोहीम सत्ता पालटण्याकडे गेली. तेव्हा सुरक्षा परिषदेत भारत होता आणि तटस्थ राहिला. ती तटस्थता मला समजते. पण लिबियात चूक झाली म्हणून रवांडात जे झालं ते योग्य ठरत नाही. तिथे एप्रिल १९९४ मध्ये संहार सुरू असताना परिषदेने शांतिसैनिक २७० वर आणले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली. विमानं पाठवणं आणि पाठ फिरवणं यांच्यामध्ये करण्यासारखं पुष्कळ असतं.

उदाहरण द्यायचं तर गांबिया. आफ्रिकेतला चिमुकला देश, म्यानमारशी सीमा नाही. त्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या संहाराबद्दल म्यानमारला हेगच्या न्यायालयात खेचलं. त्यांचे तेव्हाचे न्यायमंत्री आधी रवांडाच्या खटल्यांत काम केलेले होते. निर्वासितांच्या छावणीत ऐकलेलं त्यांना ओळखीचं वाटलं. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्यानमारला अंतरिम आदेश दिला. एकही गोळी न झाडता.

मोहफूल (मंगळवार, दुपारी १.१५)

गडचिरोलीतून लिहितेय. गाव सांगत नाही.

जिनिव्हा करारांत एक तिसरं कलम आहे, देशाच्या आतल्या सशस्त्र संघर्षासाठीचं. जे हातात शस्त्र घेऊन लढत नाहीत त्यांना मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस ठेवायचं नाही. हे सरकारलाही लागू आणि बंडखोरांनाही. आमच्याकडे जे चाललं त्याला सरकार असा संघर्ष मानत नाही. तो वाद वकील लोक घालतील. पण रात्री दादालोक, म्हणजे नक्षलवादी, आले तर जेवण द्यावं लागायचं, आणि सकाळी पोलीस विचारायचे जेवण का दिलं. खबऱ्या म्हणून इकडून मारलेले आहेत, साथीदार म्हणून तिकडून आत टाकलेले आहेत. माझ्या मामाला तेंदूपत्त्याच्या फडीवरून उचलून नेलं. दोन दिवस कुठे ठेवलं ते आजही सांगत नाही.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये गावच्याच पोरांच्या हातात बंदुका देऊन सलवा जुडूम चालवलं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. तो खटला बाहेरच्या माणसांनी लावला होता, दिल्लीच्या प्राध्यापक नंदिनी सुंदर आणि इतरांनी. तेव्हा त्यांनाही लोक म्हणायचे, तुम्हाला काय पडलंय.

बंडीवाला दादा, म्हणून मला घरची आग आणि बाहेरची आग असं वेगळं करता येत नाही. आमच्या गावासाठी नागपूरसुद्धा बाहेरच आहे. बाहेरून कुणी विचारलं तेव्हाच इथे नोंद झाली.

कामठी ते किवू (मंगळवार, रात्री ८.४०)

फौजेतून निवृत्त. संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर काँगोत होतो, उत्तर किवू, २०११ ला. निळं हेल्मेट घातलेला माणूस काय करू शकतो आणि काय नाही, ते सांगतो.

आमच्या आधीच्या वर्षी, ३० जुलै ते २ ऑगस्ट २०१०, वालिकालेकडच्या लुवुंगी आणि आसपासच्या गावांत बंडखोरांनी तीनशेहून जास्त बायकांवर, मुलींवर अत्याचार केले. शांतिसेनेचा तळ त्याच पट्ट्यात होता. खबर वेळेवर पोचली नाही. गावात फोनला रेंज नाही, गस्तीबरोबर भाषा समजणारा माणूस नाही, आणि बायका परक्या सैनिकाला असलं सांगणार कशा? आम्ही गेलो तेव्हा हाच धडा शिकवला जायचा. स्थानिक दुभाषे तळावर ठेवले होते, गावच्या मुखियाला फोन दिले होते. बाजाराच्या दिवशी गस्त बायकांसोबत चालायची. लाकडं आणायला गेल्या की सोबत. टोपली डोक्यावर घेऊन पुढे त्या, मागे आमची गाडी, ताशी चार किलोमीटर. संध्याकाळी गोळीबाराचा आवाज आला की माणसं लेकरं घेऊन तळाच्या काटेरी तारेला लागून झोपायची.

त्या तारेजवळ रात्री ड्युटी केली आहे. आतून बघत असतो, बाहेर दीड-दोनशे माणसं जमिनीवर. त्यांना वाटत असतं हे आपल्यासाठी लढतील. आपल्याला माहीत असतं की दारूगोळा किती आहे, मदत यायला किती तास लागतील, आणि कागदावर काय लिहिलं आहे. कागद चांगलाच होता, नागरिक वाचवायला गोळी चालवायची परवानगी होती. पण एका कंपनीकडे शेकडो चौरस किलोमीटर जंगल आणि रस्ता म्हणजे चिखल. नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ नावाचे बंडखोर गोमा शहरात शिरले. मी परत आलो होतो, टीव्हीवर पाहिलं. पुढच्या वर्षी परिषदेने हल्ला करू शकणारी ब्रिगेड दिली, टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावीची. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा पडलं.

भारताने आजवर दोन लाखांहून जास्त सैनिक अशा मिशनवर पाठवले आहेत. ‘आपला काय संबंध’ हे त्यांच्या घरी येऊन कुणी बोलू नये. ठराव करणारे देश वेगळे, पैसे देणारे वेगळे आणि चिखलात उभे राहणारे वेगळे, हे मात्र बदललं पाहिजे.

वर्धाकाठ (मंगळवार, रात्री ९.२०)

दादा, तारेजवळचं वाचून हात थांबले. सावकाश लिहिते.

बाळबोध (मंगळवार, रात्री ९.३०)

वर्धाकाठ ताई, मोडी वाचतो. निरोपात फोटो टाका, पाठपोट दोन्ही बाजू, उजेडात.

पुलगाव लाईन (मंगळवार, रात्री १०.०५)

तीस वर्षं दारूगोळ्यात काम केलं. कुठे ते लिहीत नाही. पण आपला विदर्भ म्हणजे अंबाझरी, जवाहरनगर, भद्रावतीचे कारखाने, आणि पुलगावचा डेपो. सुदानपासून लांब आहोत असं आपण म्हणतो खरं, पण तोफगोळा आपल्याला अनोळखी नाही. आमच्या हातच्या पेट्या देशासाठी गेल्या याचा मला अभिमान आहे, आणि तो राहील.

आता भारत शस्त्रं निर्यात करतो. करावीत, पोरांना काम मिळतं. पण बाररूम सरांनी जो निकाल सांगितला तो वाचून मनात आलं की पेटीवर पत्ता कुणाचा आहे हे विचारणं हेसुद्धा कर्तव्यात येतं. शस्त्रव्यापाराचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला, त्यात वंशसंहार किंवा युद्धगुन्ह्यासाठी वापर होणार हे ठाऊक असेल तर शस्त्र द्यायचंच नाही असं आहे. भारत तेव्हा मतदानात तटस्थ राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला शस्त्रं जाऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका आली, ती न्यायालयाने परराष्ट्र धोरणाचा विषय म्हणून फेटाळली. मग विचारायचं कुठे? संसदेतच ना. तिथे आपला खासदार बसतो.

बंडीवाला (बुधवार, सकाळी ६.१५)

फौजी दादा, तुमाले नमस्कार. मले तुमच्याबद्दल तसं म्हनाचं नोतं. मोहफूल ताई, तुमच्या मामाचं वाचून रातभर झोप नाई.

पन माया सवाल तसाच हाय. परिषदेत पाच मोठे बसले. ज्याचा मित्र मारते, तो हात वर करते आन ठराव मरते. पुतिनवर वॉरंट निंगालं २०२३ ले, नेतान्याहूवर २०२४ ले. पकडलं कोनी? मंग गरिबाले वाटते का कायदा बारक्यासाठी हाय. याचं सांगा. आन माया सारख्यानं नेमकं करावं काय, तेबी सांगा. नुसतं वाईट वाटून कापूस येचनं होत नाई.

बाररूम (बुधवार, सकाळी ८.०५)

दादा, पकडलं नाही हे खरं. यात आपलाही वाटा आहे. सुदानमधल्या दार्फुरच्या अत्याचारांसाठी वॉरंट असलेले तिथले तेव्हाचे अध्यक्ष बशीर ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत आफ्रिका परिषदेला आले, पाहुणचार घेऊन गेले. ही वॉरंटं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची, आणि भारत त्याचा सदस्य नाही. १९९८ मध्ये रोममध्ये मतदान झालं तेव्हाही आपण तटस्थ होतो. सदस्य नाही म्हणून अटकेचं बंधन नाही, हे कायद्याने बरोबर. मला ते आजही खुपतं.

पण कायदा बारक्यांवरच चालतो हे पूर्ण खरं नाही. स्रेब्रेनित्सातल्या सर्ब फौजेचा सेनापती म्लादिच सोळा वर्षं लपून होता, २०११ मध्ये सापडला, २०१७ मध्ये जन्मठेप झाली. चाडचा हुकूमशहा हबरे सत्तेवरून गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१६ मध्ये सेनेगलमध्ये दोषी ठरला. त्याच्या तुरुंगातून सुटलेल्या सामान्य माणसांनी तो खटला तडीस नेला. जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या न्यायालयाने सीरियाच्या एका गुप्तहेर अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. साक्षीदार कोण? जर्मनीने ज्यांना आसरा दिला तेच निर्वासित. धानपट्टा भाऊंच्या आजींकडे त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला कुणी आलं होतं का?

करायचं काय, तर माझ्या मते सगळ्यात जवळची गोष्ट ही. करार मान्य करून साठ-पासष्ट वर्षं झाली तरी भारताच्या फौजदारी कायद्यात वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा नाही. मानवतेविरुद्धचा गुन्हाही नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीख हत्याकांडाच्या निकालात ही उणीव स्पष्ट लिहिली. त्यानंतर नवी न्यायसंहिता आली, २०२४ पासून लागूही झाली, उणीव तशीच. त्या गुन्ह्यांतला कुणी उद्या नागपूरच्या विमानतळावर उतरला तर पोलिसांनी कुठलं कलम लावायचं? मी मसुदा करतो. आपापल्या खासदाराला पाठवा, सभागृहात प्रश्न विचारा म्हणा. शस्त्र निर्यातीचा आणि निर्वासितांच्या कायद्याचाही.

धानपट्टा (बुधवार, सकाळी ९.४०)

नाही सर, कुणी आलं नव्हतं. आजी २०१९ ला गेल्या. त्यांच्या वयाचे अजून चार-पाच जण वसाहतीत आहेत. नातवाला विचारतो. सांगायचं नसेल तर आग्रह करणार नाही.

बंडीवाला (बुधवार, दुपारी १२.३०)

मसुदा टाका वकील साहेब. इमानं पाठवाच्या गोष्टीले माया इरोध राहीन. पन कलम पाहिजे, आन पेटीवरचा पत्ता इचारला पाहिजे, याले सही करतो. आमच्या ग्रामसभेतबी वाचून दाखवीन. त्यात कापसाच्या भावाची एक ओळ टाकता आली तं पहा. नाई जमली तरी चालते.

बाळबोध (बुधवार, रात्री ९.५०)

ताईंच्या परवानगीने पत्राचा मजकूर देतो. नावं गाळली आहेत. दोन शब्द फाटल्या घडीत गेले.

‘चि. … यास अनेक आशीर्वाद. येथील क्षेम. आंबिया बहार साधारण, विहिरीस पाणी चार हात राहिले. काळा बैल बसला तो उठला नाही. तुझ्याकडील ज्वारीचे लिहावे, कमी असल्यास येथून एक पोते … बंडीने पाठवितो. पोष्टात पाच पैसे अधिक पडले. पूर्व बंगालचे लोकांकरिता घेतात. मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखविले, तिकडे बायकांचे फार हाल केले. तू उत्तर टाकशील तेव्हा तिकीट लावून टाकावे, चुकवू नये. तुझ्या वहिनीने आशीर्वाद सांगितला आहे.’

वर्धाकाठ (बुधवार, रात्री १०.१५)

काळ्या बैलाची गोष्ट आजोबा सांगायचे. तो कधी गेला ते आज कळलं.

आजोबांनी उत्तर टाकलं असेल तर ते वरुडच्या वाड्यात असेल. तिथे आता चुलतभाऊ राहतो. त्याला उद्या फोन करते. बाररूम सर, मसुदा मलाही पाठवा, आमच्या केंद्रातल्या शिक्षिकांना वाचायला देते.